फुलायमायची अर्धी कथा

मेळघाटातल्या जांभूळढाण्यात रेवानाथ महाराजांची झोपडी होती. गाव सगळे कोरकू आदिवासींचे, बोलीही कोरकूच. महाराजांनी मानू कासदेकर नावाच्या भक्ताला अक्षरे शिकवली आणि सांगितले, "पुराणातल्या कथा तुझ्या बोलीत उतरव. तुझ्या माणसांना देव परक्या भाषेत का भेटावा?" गुरे राखता राखता मानू लिहू लागला. प्रत्येक प्रसंग तो आधी आपल्या म्हाताऱ्या आईला, फुलायला, ऐकवायचा. तिने मान डोलावली की मगच कागदाला शाई लागायची.

त्या पावसाळ्यात अचलपूरचे त्र्यंबकशास्त्री दर्शनाला आले. विद्वान गृहस्थ, पण नाक जरा वरच! मानूची पोथी चाळून ते हसले. "अरे, देववाणी या रानातल्या बोलीत घालतोस? गंगा घमेल्यात भरण्यातला प्रकार! देवाला कळेल तरी का हे?"

मानूच्या ते जिव्हारी लागले. हत्तीची कथा अर्धी झाली होती. मगरीने पाय धरलेला, हत्ती तळ्यात ओढला जातो आहे, तिथेच त्याने लेखणी खाली ठेवली.

पावसाने वाटा बंद झाल्या आणि शास्त्रीबुवा गावातच अडकले. अशात फुलायने तापाने अंथरूण धरले. बहिणीला आणायला मानू सिपना नदीपलीकडे गेला, तो मागे पूर आला. इकडे मायची घटका भरत आली होती. महाराज शास्त्रीबुवांना घेऊन तिच्या उशाशी बसले.

बुवांनी गंगाजल पुढे केले. म्हातारीने तोंड फिरवले आणि काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणते ही?"

सुनेने, सुगरतीने, डोळे पुसले. "माय म्हनते, हत्तीचं पुढं काय झालं ते सांगा. वर आमचे सारे जुने मानसं बसले हायेत. त्यायनं देवाची कथा आपल्या बोलीत कधीच आयकली नाही. ते विचारतीन. अर्धी कथा घेऊन मी कशी जाऊ?"

महाराजांनी पोथी शास्त्रीबुवांपुढे सरकवली. "वाचा."

"मी? मला यातला एक शब्द कळत नाही, महाराज!"

"अक्षरे बाळबोधच आहेत. वाचा," महाराज म्हणाले.

महाराजांनी स्वतःच कथा का नाही सांगितली, असे कुणी विचारील. सद्गुरूंच्या मनातले आपल्याला काय कळणार!

बुवा अडखळत वाचू लागले. म्हातारीचे डोळे लकाकले. दारात जमलेल्या बाया पदराने डोळे टिपू लागल्या. बुवांना मात्र काहीच उमगेना. जन्मभर कथा सांगणारा हा माणूस पहिल्यांदाच कथेच्या दाराबाहेर उभा होता. हळूहळू त्यांचा आवाज स्थिर झाला, पाने उलटत गेली. अखेर फुलाय हसली. तिने हात जोडले आणि शांतपणे डोळे मिटले, ते कायमचेच.

बुवांनी पोथीकडे पाहिले. समोरचे पान कोरे होते! त्याआधीचेही कोरेच. मानूची शाई कितीतरी मागे संपली होती.

"हे... हे कोणी वाचले?"

"तुमीच तं सांगितलं, बुवा," सुगरती म्हणाली. "पार हत्ती सुटेपर्यंत."

बुवांनी ते शब्द आठवून पाहिले. एकही जिभेवर येईना.

पूर ओसरल्यावर मानू आला. आईची भेट झाली नाही म्हणून ऊर फुटेस्तोवर रडला. शास्त्रीबुवांनी पागोटे उतरवले आणि अंगणातल्या चिखलात त्याला साष्टांग नमस्कार घातला. मानू घाबरून मागे सरला.

"बुवा, हे काय करता!"

"माझा अपराध पोटात घाल, मानू. देवाला तुझी बोली येते रे. येत नाही ती मलाच." बुवांनी पोथी त्याच्या हाती दिली. "लेखणी घे, कथा पुरी कर. आणि मग मला समोर बसवून मराठीत समजावून सांग. त्या दिवशी माझ्या तोंडून देव काय बोलला, ते मला ठाऊकच नाही."