सगुणाचं औषध आणि महाराजांचं फर्मान

फर्मान असं होतं: अठराच्या आतल्या कुणाच्याही मनावर वैद्यानं आईबापाच्या परवानगीवाचून इलाज करायचा नाही. पाय मोडला तर पोरानं एकट्यानं लंगडत जावं, त्याला सरकारची हरकत नव्हती. मनाला काही झालं, तर मात्र बाप बरोबर हवा.

सगुणा सोळा वर्षांची. धाकटा भाऊ तापानं गेल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता, घास गिळवत नव्हता, भर दिवसा जीव घाबरा होई. वैद्य भानूकाकी म्हणाल्या, "रोज ये, बस, बोल. काढाही देईन. पण आधी बापाला आण."

बाप म्हणजे हैबती, राजवाड्याचा नगारची. तो म्हणाला, "लोक वेडी म्हणतील. मग कोण करून घेईल तुला? आणि त्या पोराचं नाव या घरात काढायचं नाही."

सगुणा तडक दरबारात गेली. हैबती मागोमाग धावला.

महाराजांना स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक, आणि ते करण्याचा दरबाऱ्यांना पगार होता. मिशीवर हात फिरवत महाराजांनी विचारलं, "पोरी, तुझं मन ठिकाणावर आहे का?"

"नाही, महाराज. म्हणून तर आले."

"ठिकाणावर नाही, तर तुझा शब्द आम्ही मानायचा कसा? आणि असेल ठिकाणावर, तर औषध कशाला? यातून वाट काढ, फर्मान बदलतो."

दरबारानं माना डोलावल्या. सगुणाला रडू आलं, ते तिनं गिळलं.

"महाराज, श्रावणात नगारखाना बंद होता. बाबा महिनाभर घरी बसून होते. ते का?"

महाराज खाकरले. "राणीसाहेब रुसून माहेरी गेल्या होत्या. आम्हाला झोप येईना. जरा खुट्ट झालं की छातीत धडधड. भानूकाकींनी काढा दिला आणि नगारा बंद ठेवायला सांगितलं."

"तेव्हा आपलं मन ठिकाणावर होतं?"

"होतं तर!"

"मग काढा कशाला घेतलात?"

"बरं बाई, नव्हतं. झालं समाधान?"

"मग हे फर्मान कसं मानायचं, महाराज? तेही त्याच श्रावणातलं आहे. नगारा नव्हता म्हणून दवंडीवाला नुसताच ओरडत फिरला होता."

प्रधानजी छत निरखू लागले. महाराजांची मिशी थरथरली, आणि मग ते पोट धरून असे हसले की मुकुट एका कानावर आला.

"फर्मान रद्द! सोळा पूर्ण झालेल्यानं आपल्या मनासाठी आपल्याच शब्दावर वैद्याकडे जावं. काढ्याचा खर्च वाड्याचा." हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी सगुणाच्या हातात घातलं.

सगुणा निघाली, तरी हैबती खाली मान घालून तिथंच उभा राहिला.

"सरकार, आणि बापाला जायचं असेल तर? पोरगं गेल्यापासून मलाही झोप नाही. परवानगी कुणाची घ्यायची?"

महाराजांना पुन्हा हसू फुटलं, पण या वेळी डोळेही पुसावे लागले.

"लेकीची!"