लसणाचा दर्प

माळावरच्या एका गावात बजाबा नावाचा माणूस ब्रॉयलर कोंबड्या पाळायचा. पाखरे आजारी पडू नयेत म्हणून तो त्यांच्या खाद्यात वाळवलेला शेवग्याचा पाला, हळद, ओवा आणि ठेचलेला लसूण मिसळू लागला. गुण आला. पाखरे तरतरीत झाली, औषधाच्या बाटल्या कमी झाल्या. लांबलांबून लोक पाहायला येऊ लागले. कुणी शाल दिली, कुणी नारळ दिला, आणि बजाबा हवेत चालू लागला.

कोंबड्यांच्या शेडात जमिनीवर भाताचे तूस पसरलेले असते. विष्ठेने ते ओले होते, म्हणून रोज दाताळ्याने खालीवर करून वाळवावे लागते. काम कंबर मोडणारे. सत्कार सुरू झाल्यापासून बजाबाने ते सोडूनच दिले होते. तरी त्याच्या शेडातले तूस कोरडेच राही. ही माझ्या पाल्याचीच करामत, असे त्याने ठरवून टाकले. असे कसे होईल, हा प्रश्न काही त्याला पडला नाही.

त्याच्या शेजारच्या वस्तीवर शेवंता राहायची. तिचा नवरा वारला होता आणि त्याने बांधलेल्या शेडावर दिरांचा डोळा होता. "एकदा पाखरं वाढवून दावते. न्हाई जमलं तर शेड तुमचं," असे ती चारचौघांत बोलून बसली होती. ती बजाबाकडे सल्ल्याला आली. त्याने हातचे न राखता पाल्याची कृती सांगितली आणि वर म्हणाला, "तूस हलवायच्या भानगडीत पडू नगंस. पाला असल्यावर त्याची गरजच न्हाई."

थंडी पडली. पाखरांना गारठा लागू नये म्हणून शेवंताने शेडाचे पडदे खाली सोडले. काही दिवसांनी ती घाबरून बजाबाकडे आली.

"अण्णा, शेडात गेलं की डोळं चुरचुरत्यात. पाखरंबी डोळं मिटूनच बसत्यात. जरा येऊन बघता का?"

बजाबा फेटा बांधत होता. त्याला एका सत्काराला जायचे होते. "लसणाचा दर्प हाय त्यो," तो म्हणाला. "औषध लागू पडतंय. बिनघोर ऱ्हा."

लसणाचा दर्प! अरे, ओल्या तुसात विष्ठा कुजून उठलेला, पडद्यांमुळे आत कोंडलेला विषारी वायू होता तो. शेड हाकेच्या अंतरावर, एकदा नाक घेऊन जायला याचे काय जात होते? पण फेटा महत्त्वाचा ठरला.

एके सकाळी शेवंताची किंकाळी ऐकू आली. लोक धावले. पडदा वर करताच सगळे मागे सरले. पाखरे थरावर थर मरून पडली होती. जी जिवंत होती त्यांचे डोळे सुजून मिटले होते. पाण्याचे भांडे चोचीसमोर असून त्यांना सापडत नव्हते. शेवंता तिथेच ओल्या तुसात बसली. बघवत नव्हते ते.

"आता शेड मोकळं कर," थोरला दीर म्हणाला.

लोकांनी बजाबाकडे पाहिले. आणि हा माणूस काय म्हणाला? "पाला त्योच, आन् माझी पाखरं ठणठणीत. हिचाच हात चुकला असंल."

घरी येऊन त्याने बायकोला, कौसाबाईला, सगळे सांगितले. तिने हातातला तांब्या खाली ठेवला.

"तूस हलवू नगं, असं तुम्ही तिला सांगितलंत?"

"आपण तरी कुठं हलवतो?"

"मी हलवते की! रोज, तुम्ही उठायच्या आत. कुणीतरी हलवत असंल, एवढं तरी तुमच्या ध्यानात असंल असं वाटलं मला."

बाहेर कुणालाच यातले काही ठाऊक नव्हते. बजाबा गप्प राहिला असता तर त्याचा मान तसाच राहिला असता, फक्त शेवंताचे शेड गेले असते.

पण तो तसाच निघाला. दाताळे खांद्यावर टाकून शेवंताच्या दारात गेला. दीर, गावकरी अजून तिथेच होते.

"पोरीचा हात चुकला न्हाई," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "अर्धीच गोष्ट सांगून मी तिची पाखरं मारली. ती मदतीला आली तवा मी फेटा बांधत बसलो. हरलो मी. शेड घ्यायचंच असंल तर माझं घ्या."

दीर दारातून बाजूला झाले. बजाबा आत शिरला आणि गुडघे टेकून मेलेली पाखरे उचलू लागला. स्वतःच्या शेडातली निम्मी पाखरे त्याने शेवंताकडे आणून सोडली, आणि ती पाखरे विक्रीला जाईपर्यंत तिचे तूस रोज स्वतः हलवले. दिरांनी शेडाची मागणी सोडली, शेड शेवंताकडेच राहिले.

आजही कुणी पाल्याची कृती विचारायला आले की बजाबा त्याला आधी कौसाबाईकडे नेतो आणि तिच्याकडून त्याच्या हातात दाताळे देववतो.

तात्पर्य: आपल्या यशामागे कुणाचे हात राबतात हे ज्याला ठाऊक नाही, त्याचा सल्ला दुसऱ्याचा घात करतो, आणि घात झाल्यावर चूक चारचौघांत कबूल करून ती निस्तरायला लागणे, एवढाच मार्ग उरतो.