सुभानजीला न सापडलेली रेघ

एका गावात सुभानजी नावाचा एक पैलूकार राहत होता. खड्याला पैलू पाडावेत ते त्यानेच, असे राजवाड्यातही म्हणत. पण त्याचा एक हट्ट होता. एका खड्याला एकच रंग! स्फटिकात दुसरा रंग दिसला की तो त्याला डाग म्हणायचा आणि तेवढा भाग करवतीने कापून उकिरड्यावर फेकायचा.

एकदा राणीने लेकीच्या लग्नासाठी एक मोठा स्फटिक पाठवला. निरोप होता, "पदकासाठी जांभळा खडा हवा." स्फटिक निम्मा जांभळा होता आणि निम्मा मधासारखा पिवळा. काम बिघडले तर राजवाड्याचे दार कायमचे बंद होणार, हे सुभानजीला ठाऊक होते.

कापण्याआधी दगड पाण्यात बुडवून पाहायचा, ही त्याच्या घराण्याची रीत. पाण्यात आतले रंग स्पष्ट दिसतात. सुभानजीने स्फटिक परातीत ठेवला आणि जांभळा कुठे संपतो ते शोधू लागला. सकाळी रेघ इथे वाटे, दुपारी तिथे. एरवी त्याने अंदाजाने करवत चालवली असती, पण या वेळी मन धजेना. पाहता पाहता तो भीतीही विसरला. दोन रंग एकमेकांत इतके हळूच कसे मिसळतात, याचेच त्याला नवल वाटू लागले.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको भागा म्हणाली, "अहो, दगड भिजत घातलाय की डाळ?"

"यात डाग कुठला, ते तूच सांग."

भागाने वाकून पाहिले. "डाग? मला तर कुठेच दिसत नाही."

सुभानजीने करवत बाजूला ठेवली. दोन्ही रंग राखून पैलू पाडले आणि खडा घेऊन तो राणीपुढे उभा राहिला. "राणीसाहेब, हुकूम मोडलाय. पण याचे दोन तुकडे करवले नाहीत."

राणी काही बोलायच्या आत राजकन्येने खडा उचलून उजेडात धरला. "आई, मला हाच हवा. माहेर आणि सासर एकाच पदकात!"

राणीही हरखली. "सुभानजी, असा खडा आजवर का नाही आणलास?"

सुभानजीची मान खाली गेली. "असे पुष्कळ आले होते, राणीसाहेब. मीच कापले."

बक्षीस घेऊन तो गावी परतला, पण घरात गेला नाही. आधी उकिरड्यापाशी बसला आणि पिवळे तुकडे वेचू लागला.

तात्पर्य: ज्याला आपण डाग म्हणतो, त्याच्याकडे आधी नीट पाहावे; कारण एकदा कापलेले पुन्हा जोडता येत नाही.