गोजराने मागितलेलं गाणं

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा त्या तळ्याला नावसुद्धा नव्हतं. सगळे नुसतं ‘पाणी’ म्हणायचे. सकाळी त्या पाण्यावर धुकं उतरायचं आणि दुपारपर्यंत तिथेच रेंगाळायचं. पलीकडचा काठ खरंच आहे की नाही, असा प्रश्न लहान मुलांना पडायचा. मोठ्यांनाही पडायचा, पण ते बोलून दाखवत नसत.

काठावरच्या गावात चटया विणणारी माणसं राहत. त्याच गावात तिघांचा एक मेळा होता. भिवरा गायची, तिचा भाऊ रायाप्पा तुणतुणं वाजवायचा आणि त्यांचा मित्र धोंडू डफ वाजवायचा. ते कुणाच्या पदरी नव्हते. राजाने एकदा त्यांच्यासाठी पालखी पाठवली, तेव्हा भिवरा म्हणाली, “महाराजांना सांगा, आमचा आवाज पाण्याजवळच लागतो.” पालखी रिकामी परत गेली आणि गावाची छाती फुगली. त्या दिवसापासून ते तिघे ‘आमचे’ झाले.

त्यांचं होडीचं गाणं साऱ्या मुलखाला ठाऊक होतं. ते वल्ह्यांच्या ठेक्यावर धावायचं. ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलायचे. संध्याकाळी ते घाटावर गायला बसले, की दूरदूरच्या होड्या तिथे लागायच्या. गर्दी वाढली, तसा एक म्हातारा सगळ्यांना ऐकवायचा, “मी यांना तेव्हापासून ऐकतोय, जेव्हा ऐकायला चौघंच असायचो. त्यातली दोन बदकं.”

अगदी पुढच्या पायरीवर गोजरा बसायची. गोजराची चार वर्षांची मुलगी तापाने गेली होती. त्यानंतर कित्येक महिने ती कुणाशी बोलली नव्हती. मग एका संध्याकाळी घाटावरून होडीचं गाणं आलं आणि तिचा पाय हलला. डोळे मिटले तर मुलगी पाण्यातून उड्या मारत येताना दिसली. त्या दिवशी गोजरा जेवली. तेव्हापासून तिने एकही संध्याकाळ चुकवली नाही.

अशी सहा-सात वर्षं गेली.

मग एकदा ते तिघे डोंगरापलीकडच्या जत्रेला निघाले आणि वाटेत धुक्यात अडकले. एका गुहेत त्यांनी बावीस दिवस काढले. धनगरांनी दूध-भाकरी दिली म्हणून जगले. गुहेत छतावरून पाणी ठिबकायचं. एक थेंब पडायचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग दुसरा थेंब. पहिले काही दिवस धोंडू वैतागला. नंतर तो त्या मधल्या शांततेची वाट पाहू लागला.

ते परत आले तेव्हा घाट माणसांनी भरला होता. भिवराने डोळे मिटले. तुणतुण्याची तार एकदा छेडली गेली आणि तो सूर पाण्यावर दूर जाऊन विरेपर्यंत तिघेही थांबले. मग डफावर एक थाप पडली. पुन्हा थांबले.

“सुरू कधी करणार?” मागून कुणीतरी विचारलं.

गाणं तर सुरू झालं होतं. भिवरा गात होती, पण इतकं सावकाश, की एका ओळीत पाण्याचा रंग बदलून जावा.

गाणं संपलं आणि एकच गलका झाला. कुणी म्हणालं, यांना डोंगराची बाधा झाली. कुणी म्हणालं, आता मोठे झाले, आपली गरज उरली नाही. बदकांचा म्हातारा तर रडकुंडीला आला. शेवटी गोजरा उभी राहिली.

“भिवरा, माझं गाणं दे.”

“गोजराक्का, ते पहिल्यांदा गायलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आता गळ्यात येतं ते हे.”

“मला ते ठाऊक नाही. त्या गाण्यात माझी पोर आहे.”

भिवराने धोंडूकडे पाहिलं आणि होडीचं गाणं सुरू झालं. घाट नाचला. दुसऱ्या दिवशी तेच मागितलं गेलं, तिसऱ्या दिवशी तेच. पावसाळा सरला, थंडी आली, तरी तेच.

भिवराचा एक सूर चुकत नव्हता. पण गोजरा फार जवळ बसायची, म्हणून तिला बाकीचंही दिसायचं. तिघे आता एकमेकांकडे पाहत नव्हते. धोंडूचे हात डफावर असायचे आणि तो शून्यात बघायचा. भिवरा असं गायची, जसं एखादी बाई रोजचं अंगण झाडते.

आणि एका संध्याकाळी गोजराने डोळे मिटले, तर पाण्यातून कुणीच आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती घाबरली. घरी जाऊन अर्धवट चटईसमोर बसून राहिली, तिच्याने एक काडी विणवली नाही.

पुढच्या संध्याकाळी लोक ‘होडी, होडी’ ओरडू लागले, तेव्हा ती पुन्हा उभी राहिली.

“आज ते नको. यांना जे गायचंय ते गाऊ द्या.”

“अगं, तूच तर मागितलं होतंस!” म्हातारा चिडून म्हणाला.

“मीच मागितलं. चुकलं माझं.”

भिवराने डोळे मिटले. मग रायाप्पाने तार छेडली. निम्मे लोक उठून होड्यांकडे गेले. वल्ह्यांचे आवाज लांब लांब गेले आणि घाटावर धुकं तेवढं उरलं.

खरं सांगायचं तर गोजराला त्या दिवशी काही आवडलं नाही. पाठ दुखली, जांभया आल्या. दुसऱ्या दिवशीही ती आली, हट्टाने. पाचव्या की सहाव्या संध्याकाळी डफाची थाप पडली आणि पुढच्या लांबलचक शांततेत तिला पावलं ऐकू आली. उड्या मारणारी नव्हती ती. सावकाश, ओल्या वाळूवरून चालत येणारी होती. धुक्यातून दहा-अकरा वर्षांची एक उंच मुलगी आली आणि आईच्या शेजारी पायरीवर बसली.

होडीच्या गाण्यात ती पोर कायम चार वर्षांचीच राहिली होती.

गोजराच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. भिवराने गाता गाताच ते पाहिलं आणि कित्येक दिवसांनी तिने रायाप्पाकडे, रायाप्पाने धोंडूकडे पाहिलं.

निघून गेलेल्यांनी पलीकडच्या काठावर दुसरे गाणारे बसवले. ते होडीचं गाणं हुबेहूब गात. काही वर्षं तिथेही पाय हलले. मग एका वर्षी ते गाणं बंद पडलं आणि बंद पडल्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. अलीकडच्या काठावर मात्र लोक हळूहळू वाढत गेले. भिवराचं गाणं पुढे आणखी तीनदा बदललं. दर वेळी गोजरा पहिले चार दिवस कुरकुरायची आणि पाचव्या दिवशी गप्प होऊन ऐकायची.

बोध इतकाच: ज्यावर माया करतो, त्याला वाढू द्यावं; जागच्या जागी धरून ठेवलं, तर ते हातात राहूनही हरवतं.