यंदाचा तांदूळ

“पण माई, किती दिवसांचं असलं म्हणजे पुरे म्हणायचं?”

हौसाबाई माळ्याच्या शिडीवर उभी होती. एका हाताने शिडी धरलेली, दुसऱ्या हातातल्या बॅटरीचा उजेड माळ्यावरच्या धान्याच्या पिंपांवरून फिरत होता.

खाली पाटावर माई बसली होती. तिने मान वर केली.

“तुझ्याकडे किती दिवसांचं आहे?”

“सहा महिने निघतील. घरातल्या चौघांचे.”

“मग पुरेसं आहे.”

“व्हय... पण सातव्या महिन्यात काय करायचं?”

हौसाबाई शिडीवरून उतरली आणि मागच्या दाराकडे धावली. परड्याच्या टोकाला तिने सकाळी एक काठी रोवली होती. नदीचं गढूळ पाणी काठीपासून दहा पावलांवर होतं. मघाशी बारा पावलांवर होतं.

ती परत आली. पदराने उगाचच तोंड पुसलं.

श्रावण चालू होता. वरच्या धरणाचे दरवाजे उघडून तिसरा दिवस झाला होता. सहा वर्षांपूर्वीच्या महापुरात हे घर कौलांपर्यंत बुडालं होतं. तेव्हापासून हौसाबाईच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. पाणी ओसरलं, घर नवं बांधलं, भिंतींवर रंग चढला. पण पूर तिच्या डोक्यातून काही ओसरला नाही.

ती साठवत गेली.

शिमगा सरला की तिच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसे. सांडगे, कुरडया, पापड. गवार उकडून वाळवलेली. मेथी सावलीत सुकवलेली. चिंचेचे मीठ लावलेले गोळे. डाळींना तीन उन्हं दाखवायची, ज्वारीत कडुलिंबाचा पाला घालायचा, तांदळाला एरंडेल चोळायचं. लोणच्याच्या बरण्यांच्या तोंडाला तिने बांधलेला दादरा एकदाही सैल झाला नाही. काडेपेट्यासुद्धा तिने मेणात बुडवून ठेवल्या होत्या.

आजूबाजूच्या पाच गावांच्या बचत गटांतल्या बाया तिच्याकडे शिकायला येत. “हौसाबाईंच्या घरी सहा महिने बाजार नसला तरी चूल पेटेल,” असं त्या एकमेकींना सांगत. हे कानावर आलं की तिचा चेहरा फुलायचा.

आणि तरी तिला झोप लागायची नाही.

गावाबाहेरच्या टेकावर एक लहानसा मठ होता. तिथे माई एकटीच राहायची. ती कुठून आली हे कुणाला ठाऊक नव्हतं. बोलायची कमी. विचारलं त्याचं उत्तर द्यायची, तेही कधीकधीच. हौसाबाई अकरा वर्षं दर सोमवारी टेकावर जाऊन तिच्यापाशी बसायची. तिने माईला गुरू मानलं होतं.

आज माई आपणहून खाली आली होती. पाणी चढतंय म्हणून घरोघर डोकावत निघाली होती. दुपारी ती हौसाबाईच्या दारात उभी राहिली, आणि हौसाबाईने तिला आधी माळा दाखवला.

रस्त्यावरून ग्रामपंचायतीची रिक्षा गेली. भोंगा खरखरत होता. नदीकाठच्या लोकांनी चारच्या आत तयार राहावं, मारुतीच्या देवळापाशी ट्रक येईल, सगळ्यांना वरच्या हायस्कुलात हलवायचं आहे, सामान थोडंच घ्यावं...

“थोडंच म्हणजे?” हौसाबाई घाबरून म्हणाली. “हे सगळं कसं न्यायचं? पिंपं हलायची नाहीत. माळ्यापर्यंत पाणी चढलं तर?”

“किती वाजले?” माईने विचारलं.

“एक वाजला असेल.”

“मग जेवायला वाढ. भूक लागलीय.”

हौसाबाईची सून ऋतुजा स्वयंपाकघरात होती. सातवा महिना चालू होता. डोहाळेजेवण झालं की ती माहेरी जायची होती, पण घाटातला रस्ता बंद झाला आणि ती अडकली. नवरा पुण्याला नोकरीवर. सासरे, दिनकरराव, म्हशी घेऊन सकाळीच वरच्या माळावर गेले होते.

ऋतुजाने ताटं मांडली. भात, आमटी, भाजलेला पापड.

माईने पहिला घास घेतला. चावला. थांबली.

“हा तांदूळ कधीचा?”

“दोन वर्षांपूर्वीचा,” हौसाबाई म्हणाली. “जरा सोंडे झालेत, पण निवडून घेतो. ऋतुजा रोज तासभर निवडते.”

“यंदाचा नाही झाला?”

“झाला की! गेल्या दिवाळीत निघालेला घनसाळ आहे. असा वास सुटतो म्हणता... सील लावून पिंपात ठेवलाय. पुरासाठी.”

“आणि मागच्या वर्षीचा?”

“तोही पिंपात. हा संपला की तो काढायचा.”

“यंदाचा कधी खाणार?”

“जुना झाला की.”

ऋतुजाला हसू आलं. तिने पटकन ते दाबलं आणि ताटात पाहू लागली. तिच्या ताटातला भात तसाच होता. गेले दोन महिने या भाताच्या वासाने तिला मळमळायचं. ती बोलली नव्हती.

माईने तिच्या ताटाकडे पाहिलं. मग हौसाबाईकडे.

“आज यंदाचा घाल.”

हौसाबाईचा हात थबकला.

“माई, दुसरं काहीही मागा. लोणच्याची बरणी फोडते, तूप काढते... पण ते पिंप नको.”

“का?”

“एकदा उघडलं की हवा लागते. हवा लागली की कीड. आजच उघडायचं? पाणी दारात आलंय, आणि आजच?”

“बरं.”

माईने पुन्हा त्याच भाताचा घास घेतला. शांतपणे चावून गिळला. आणखी एक घेतला.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. अकरा वर्षांत गुरूने कधी काही मागितलं नव्हतं. आज ओंजळभर तांदूळ मागितला, आणि आपण नाही म्हणालो. हौसाबाईने हातातला घास ताटात परत ठेवला.

“रागावलात?”

“नाही. माझ्याही कोठीत वर्षाचा तांदूळ आहे. ठेवायला पाहिजेच.”

“मग?...”

माई जेवत राहिली.

हौसाबाई उठली, मागच्या दाराशी गेली. पाणी आता काठीपासून सात पावलांवर होतं. ती परत आली, तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता.

“तुम्हाला नाही कळायचं, माई. तुमचा मठ टेकावर. त्या वेळी आम्ही शाळेच्या वरच्या मजल्यावर तीन दिवस बसलो होतो. माझी सासू तिथेच गेली. तापाने गेली म्हणतात सगळे. पण पोटात अन्नाचा कण नव्हता तिच्या. रात्रीत घर सोडलं होतं आम्ही, रिकाम्या हातांनी. तेव्हाच शपथ घातली स्वतःला... पुन्हा रिकाम्या हातांनी जायचं नाही.”

गावात हे सगळ्यांना माहीत होतं. बचत गटाच्या बायांना शिकवताना ती सुरुवात याच गोष्टीने करायची. ऐकून बायांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

माईने ताटातलं शेवटचं शीत उचललं.

“काहीच नव्हतं हातात?”

“काहीच नाही.”

“काहीच?”

माईच्या आवाजात काही नव्हतं. ना संशय, ना दया. पाणी हवं का, असं विचारावं तसं तिने विचारलं.

हौसाबाईने पदराचं टोक हातात घेतलं.

बाहेर कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. एक गाय हंबरत होती. ऋतुजाने हातातला घास खाली ठेवला.

“...एक लाडू होता,” हौसाबाई म्हणाली.

माईने ताट बाजूला सरकवलं.

“शेंगदाण्याचा. निघताना डब्यातून घेतला, पदराला गाठ मारली. आत्याबाईंसाठीच, माझ्या सासूसाठीच घेतला होता, देवाशप्पथ. पहिला दिवस गेला. म्हटलं, आज नको, उद्या कसं होईल कोण जाणे. दुसरा दिवस गेला. तेव्हाही तेच म्हटलं. बोट कधी येणार ते कुणालाच माहीत नव्हतं, माई. चार दिवस लागले असते, आठ लागले असते...”

“त्यांनी मागितला?”

“त्यांना ठाऊकच नव्हतं. भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्याकडे बघायच्या, आणि मी बघितलं की नजर वळवायच्या. तिसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा त्या गेल्या होत्या. बोट नऊला आली.”

तिने दोन्ही हातांत पदर घट्ट धरला होता.

“मग?”

“मग... त्यांना बोटीत ठेवलं. मी पायाशी बसले. आणि मी...”

ती थांबली. ऋतुजाकडे तिने एकदा पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

“पदरात तोंड घातलं आणि खाल्ला मी तो. सगळा. बोटीतल्या बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. त्यांना वाटलं, मी रडतेय.”



“गोड होता?” माईने विचारलं.

हौसाबाईने चमकून पाहिलं. सहा वर्षांत तिने स्वतःला हजार गोष्टी विचारल्या होत्या. हे कधी विचारलं नव्हतं.

“होता, माई,” ती म्हणाली. “फार गोड होता.”

आणि ती रडायला लागली. आवाज करून, लहान मुलीसारखी, जमिनीवर हात टेकून. ऋतुजा अवघडत उठली, तिच्याजवळ जाऊन बसली. तिने सासूच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

माई बसल्या जागी बसून राहिली. तिने समजूत घातली नाही.

काही वेळाने हौसाबाई उठली. तिने नाक-डोळे पुसले. ती मागच्या दाराकडे वळेल असं ऋतुजाला वाटलं. पण ती शिडीकडे गेली.

वर खुडबुड झाली. पत्र्यावर सुरी घासल्याचा आवाज आला. मेण तुटलं. झाकण करकरलं आणि निघालं.

ती उतरली, तेव्हा तिच्या ओच्यात तांदूळ होता. बारीक, पांढराशुभ्र.

धुतलेल्या तांदळाला उकळी फुटली आणि घनसाळचा वास घरभर झाला. ओल्या भिंतींचा, चिखलाचा, नदीचा वास त्याखाली कुठल्या कुठे दबून गेला. हौसाबाई चुलीशी उभी होती. दर दोन मिनिटांनी तिची मान मागच्या दाराकडे वळायची, आणि ती पुन्हा चुलीकडे वळवायची.

तेवढ्यात दिनकरराव आले. नखशिखांत भिजलेले. म्हशी माळावर पोचल्या होत्या. “पाणी परड्यात शिरलं,” ते दारातूनच ओरडले. “काठी पडली. तीन वाजून गेलेत, आवरा...”

मग ते थांबले. त्यांनी हुंगलं. बायकोकडे पाहिलं, वाफाळणाऱ्या पातेल्याकडे पाहिलं.

“पिंप फोडलंस?”

“बसा जेवायला,” हौसाबाई म्हणाली.

दिनकररावांनी अंग पुसलं आणि ते बसले.

भातावर तूप, बाजूला लिंबाचं लोणचं. चौघं जेवायला बसली. ऋतुजा खाली मान घालून भराभरा जेवत होती. तिला असं जेवताना हौसाबाईने या दोन महिन्यांत पाहिलं नव्हतं. आज पाहिलं, आणि पुन्हा तिचे डोळे भरून आले.

देवळाकडून ट्रकचा हॉर्न वाजला.

दिनकरराव हात धुऊन उठले. त्यांनी औषधांची पिशवी घेतली, ऋतुजाची फाइल घेतली. एका पोत्यात पायलीभर तांदूळ आणि डाळ बांधून पोतं खांद्यावर टाकलं. जेवढं उचलेल तेवढंच. माळ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

हॉर्न पुन्हा वाजला. लांब.

काय घेऊ, काय राहिलं, दिवे घेतले का, काड्या घेतल्या का... हौसाबाई या खोलीतून त्या खोलीत गेली आणि परत आली. पातेल्यात अजून चार वाढी भात होता. तिने फळीवरचा स्टीलचा डबा ओढला आणि डावाने तो भात त्यात भरायला लागली. दाबून, कडेने सारखा करत. हात आपसूक चालत होते.

ऋतुजाचं ताट रिकामं झालं होतं. बोटाने तिने ताटातलं तूप निपटून घेतलं होतं. ती पातेल्याकडे पाहत होती. सासूची नजर आपल्याकडे वळतेय असं दिसताच तिने आपली नजर खिडकीकडे वळवली.

हौसाबाईचा डाव हवेत थांबला.

डबा अर्धा भरला होता. ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने माईकडे पाहिलं. माई उंबऱ्यात उभी होती, जायला निघालेली. तिच्या पावलांपाशी पाण्याची एक बारीक धार अंगण ओलांडून येत होती.

“माई...” हौसाबाई म्हणाली. “एवढा उद्याला...”

माईने पायाशी आलेल्या पाण्याकडे पाहिलं. मग ताटापाशी बसलेल्या त्या पोरीकडे.

“उद्याचा दिवस रोज ओरडतो, हौसा. भुकेलं माणूस ओरडत नाही.”