सातवी पाठशाळा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, कारण ज्यांनी मला ती सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हते.

एका नदीच्या खोऱ्यात सहा पाठशाळा होत्या. सुगी संपून खळी रिकामी झाली, की सहाही पाठशाळांची मुले नदीकाठच्या कुरणावर जमत आणि तीन दिवस हुतुतू खेळत. धूळ उडे, गुडघे फुटत, आणि आरडाओरडा असा की झाडावरची पाखरे तीन दिवस दुसऱ्या गावी मुक्कामाला जात.

या मेळ्याची एक रीत होती. संध्याकाळी सगळे एकाच पंगतीत जेवत. जेवणे आटोपली, की जिंकलेल्या मुलांनी हरलेल्या मुलांची ताटे नदीवर नेऊन राखेने घासायची. नव्या माणसाला याचे नवल वाटे. मग खोऱ्यातली म्हातारी माणसे सांगत, "जिंकणं अंगाला चिकटतं बाबा. ते राखेनंच निघतं."

मेळ्याचा सारा कारभार थोरले गुरुजी पाहत. सहांपैकी एक पाठशाळा त्यांचीच होती. लहानपणी याच कुरणावर खेळताना त्यांचा पुढचा दात पडला होता. "तो अजून इथंच कुठंतरी आहे," असे ते मुलांना सांगत, आणि दरवर्षी दोन-चार भाबडी मुले खरोखरच तो शोधत बसत.

एका वर्षी मेळा संपता संपता राजाचा कारभारी आला. त्याने कुरण या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळले आणि म्हणाला, "गुरुजी, महाराजांच्या घोड्यांना चराई कमी पडतेय. एवढं मोठं कुरण, आणि खेळणारी पोरं मूठभर! पुढच्या मेळ्याच्या तिसऱ्या दिवशी महाराज स्वतः येतील. सात पाठशाळा खेळताना दिसल्या तर कुरण तुमचं. सहाच दिसल्या तर घोड्यांचं."

गुरुजींनी गावोगाव निरोप धाडले. तीन पाठशाळांकडून उत्तर आले.

एक होती समुद्रकाठची, तीन दिवसांच्या वाटेवरची. तिची अट एवढीच, की मेळा दरवर्षी आमच्या वाळूत भरवा. गुरुजींनी दुरूनच हात जोडले. कुरण वाचवायला निघालेल्या माणसाने कुरणच कसे सोडावे?

दुसरी होती राजनगरीची. तिची मुले दहा वर्षांत एकदाही हरली नव्हती. ती घोड्यांवरून येत, आणि त्यांच्यापुढे नगारा वाजे.

तिसरी पाठशाळा होती डोंगरावरच्या मेंढपाळांची. तिच्या गुरू, माई, निरोप न धाडता खांद्यावर घोंगडी टाकून स्वतःच खाली उतरल्या. "नऊ लेकरं आहेत गुरुजी. चार पोरी, पाच पोरगे. हुतुतू येत नाही त्यांना, उगाच खोटं कशाला बोलू? पण दम आहे. डोंगर चढून चढून आलाय."

गुरुजी विचारात पडले. महाराजांच्या डोळ्यांत भरेल असे काहीतरी हवे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. कानात नगारा वाजत होता. ते म्हणाले, "माई, पुढच्या वेळी पाहू."

माई रागावल्या नाहीत. "पाहा. तोवर आम्ही बांधावर बसून खेळ बघू. बघायला तर कुणाची ना नाही?"

गुरुजींनी मान खाली घातली. त्यांना लाज वाटली होती, पण निर्णय काही बदलला नाही.

पुढच्या वर्षी मेळा भरला. राजनगरीची मुले आली आणि पहिल्याच दिवशी त्यांनी दोन पाठशाळांना धूळ चारली. संध्याकाळी पंगत उठली. नगरीच्या मुलांनी हात धुतले आणि ती घोड्यांकडे वळली.

"आचार्य, ताटं राहिली," गुरुजी म्हणाले.

नगरीचे आचार्य हसले. "आमची मुलं कुणाचं खरकटं काढत नाहीत."

गुरुजींचे तोंड उघडले. मग त्यांना राजाचे घोडे आठवले आणि ते मिटले. चूक झाली ती इथे. माणसाच्या हातून मोठी चूक व्हायला काही करावेच लागते असे नाही. गप्प बसले तरी पुरते.

दुसऱ्या संध्याकाळी खोऱ्यातल्या जिंकलेल्या मुलांनीही ताटांना हात लावला नाही. गुरुजी आपल्याच एका शिष्यावर रागावले, तर तो म्हणाला, "त्यांना तुम्ही काही बोलला नाहीत गुरुजी. मग आम्हालाच का?" हरलेली मुले धुसफुसत उठली. कुणी गाणे म्हटले नाही. चिंचेखाली उष्ट्या ताटांचा ढीग तसाच पडून राहिला, आणि गुरुजींना वाटले, कुरण वाचले तरी मेळा गेलाच की!

तिसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी धोतर खोचले आणि ताटे स्वतःच घासायला निघाले. चिंचेखाली पाहतात तो एकही ताट नाही. ते धावत नदीवर गेले. तिथे डोंगरावरची नऊ मुले गुडघाभर पाण्यात उभी होती, आणि खडकावर पितळी ताटे लखलखत होती. सगळ्यांत धाकट्या मुलीचे हात कोपरापर्यंत राखेने माखले होते. थोडी राख नाकालाही होती.

"अगं, तुम्ही तर खेळलाही नाहीत!" गुरुजी म्हणाले.

"हो ना," मुलगी ताट विसळत म्हणाली. "पण कधीतरी खेळू, कधीतरी जिंकू. तेव्हा ऐन वेळी धांदल नको, म्हणून सवय करतोय."

गुरुजी खडकावर बसले. त्यांचे डोळे भरून आले. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो त्यांनी घातला होता. सातवी पाठशाळा दोन दिवस बांधावर बसून होती.

ते उठले आणि थेट आचार्यांकडे गेले. "आज जो जिंकेल तो ताटं घासेल. कबूल असेल तर राहा."

"आम्ही गेलो तर तुम्ही सहाच उरता, गुरुजी."

"ठाऊक आहे."

नगारा वाजला, घोडे गेले, धूळ खाली बसली. गुरुजी माईंकडे आले. "माई, मी चुकलो. पुढची वेळ आजच आली म्हणा."

"चुकलात खरं," माई म्हणाल्या. "पण पोरांना खेळ येत नाही हो. महाराजांसमोर हसं होईल."

"होऊ दे. माझंही होईल सोबत."

महाराज आले. डोंगरावरची मुले मैदानात उतरली, आणि हसे झालेच. त्यांचा एक गडी चढाईला गेला. त्याला पलीकडच्यांनी धरले. त्याबरोबर उरलेले आठही जण त्याला सोडवायला रेषा ओलांडून धावले, आणि एका दमात अख्खा संघ बाद! लोक पोट धरधरून हसले. महाराजही हसले. "अगं पोरी, कळपच्या कळप कसा गेलात?"

धाकटी मुलगी म्हणाली, "महाराज, एक अडकलं तर बाकीच्यांनी बघत बसायचं असतं का?"

महाराजांचे हसू थांबले.

संध्याकाळी ते पंगतीत बसले. कारभारी कानाशी लागला, "महाराज, ही सातवी पाठशाळा एकही डाव जिंकलेली नाही. हिला मोजायचं का?" महाराज समोरच्या ताटाकडे पाहत होते. त्यात त्यांचा चेहरा दिसत होता. "ही ताटं कुणी घासली?" त्यांनी विचारले. गुरुजींनी सगळे सांगितले. आपण गप्प बसलो होतो तेही लपवले नाही.

महाराज म्हणाले, "सात भरल्या. आमचे घोडे दुसरीकडे चरतील."

पुढे आजूबाजूच्या लहानसहान पाठशाळाही मेळ्यात यायला विचारू लागल्या. गुरुजी त्यांना एकच विचारत, "जिंकलात तर ताटं घासाल ना?"

डोंगरावरची मुले हळूहळू खेळ शिकली. पाचव्या वर्षी ती पहिल्यांदा जिंकली, आणि तीही थोरल्या गुरुजींच्या पाठशाळेविरुद्ध. त्या संध्याकाळी एक उंच झालेली मुलगी गुरुजींपुढे येऊन उभी राहिली. "द्या गुरुजी, तुमचं ताट."

गुरुजींनी ताट दिले. "जमेल ना गं?"

"पाच वर्षांची सवय आहे," ती म्हणाली, आणि हसत नदीकडे गेली.

तात्पर्य: सोबती निवडताना तो किती वेळा जिंकला हे पाहू नये, जिंकल्यावर तो कसा वागतो ते पाहावे.