डोक्यावर उभा राहिलेला खांब

एक होता राजा. फार मोठा नाही बरं का, सात गावांचाच. त्याला एकच मुलगी, शेवंती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. पण घरात कशी पळायची म्हणता! पणजोबांनी बांधलेलं लाकडी घर ते. कुठली पायरी उंच, कुठला खांब कुठे, सगळं तिच्या हातापायांना पाठ. बाहेर मात्र कुणाचा तरी हात धरावा लागे, आणि ते तिला मुळीच आवडायचं नाही. ए, पांघरुणात पाय घे आधी.

मग एका वर्षी मधल्या खांबाला बुडाशी वाळवी लागली. छप्पर वाकलं. प्रधान म्हणाला, "महाराज, पाडून टाकू. संगमरवरी महाल बांधू."

शेवंती रडायलाच लागली. "आबा, नव्या महालात मला काय कळणार? घरातही दुसऱ्याचा हात धरूनच हिंडायचं का मी?"

राजाला फार वाईट वाटलं. त्यानं धोंडबा सुताराला बोलावलं. "घर आहे तसंच राहू दे. वाळवीचा खांब तेवढा बदल. आणि लवकर कर." हे लवकर कर म्हटलं ना, तिथंच घोटाळा झाला!

झाड जसं वाढतं तसाच खांब उभा करायचा असतो. बुडखा खाली, शेंडा वर. धोंडबानं घाईघाईत नेमका शेंडा खाली घातला. दोन्ही टोकं रंधा मारून सारखीच केलेली, कळणार कुणाला?

मग काय, सगळं घरच उलटं वागायला लागलं! चुलीचा धूर जमिनीत शिरला. दूध उतू गेलं ते थेट छताला. मांजर तुळईला खाली डोकं वर पाय करून झोपलं. हसताय काय? शेवंतीला विचारा. ती जिना उतरायला जायची आणि माडीवर पोचायची. कपाळाला हे एवढं टेंगूळ आलं. मग ती कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली, ती उठेचना. बिचारी पोर गं.

धोंडबानं पहिल्या दिवशी पाचरी ठोकल्या. दुसऱ्या दिवशी खांबाला तेल पाजलं. तिसऱ्या दिवशी नारळ फोडला, तर पाणी वर उडालं! मग तो शेवंतीजवळ येऊन बसला.

"ताईसाहेब, चुकलं माझं. पण काय चुकलं तेच सापडत नाही."

शेवंती उठली. चाचपडत खांबापाशी गेली. बोटं फिरवत राहिली.

"काका, फांदी वर वाढते ना?"

"वरच की."

"मग ह्या गाठी खाली का वळल्यात?"

धोंडबानं कपाळावर हात मारला.

"आणि जुना खांब कुठाय?"

"परसात पडलाय. बुडाशी हातभर पोखरलाय, बाकी ठणठणीत."

"मग हातभरच बदला ना!"

एवढ्या मोठ्या माणसांना हे सुचलं नव्हतं बघा. मग टेकू लावले. नवा खांब काढला. जुन्या खांबाचं पोखरलेलं बूड छाटलं, आणि नव्याचा हातभर तुकडा कापून त्याच्या पायाशी जोडला. सुलटा, बरं का! ह्या वेळी राजा घाई कर म्हणाला नाही. खांब जागेवर बसला तसा धूर वर गेला, आणि मांजर धपकन खाली पडलं.

शेवंतीनं जोडावर हात फिरवला. मग निघाली. जिना चढली, उतरली, ओसरी ओलांडली, आणि कुणाचाही हात न धरता धावत जाऊन आबांच्या गळ्यात पडली. राजा सगळ्यांदेखत रडला. रडू दे की, बापच तो.

मग घर उभं राहिलं आणि माणसं त्यात सुखानं नांदली. चला, दिवा बारीक करते. झोपा आता.